पंगतीतली खुर्ची

पाडव्याच्या जेवणाला भिंतीकडच्या चार खुर्च्या गुडघे बदललेल्यांसाठी असत. बालीगंजच्या मराठी मंडळात हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं, पण मोडतही कुणी नव्हतं. त्यामुळे वासंतीआजी आणि मंगलाताईंच्या मधल्या खुर्चीत एकोणीस वर्षांची वृंदा जाऊन बसली, तेव्हा सगळ्या हॉलने तिच्याकडे एकदा नीट बघून घेतलं.

त्यात मुलगी खो-खोची खेळाडू. बंगालच्या संघाची निवड महिन्यावर आलेली.

तिची आई अलका पुऱ्या वाढत होती. जेवणानंतर सगळ्यांचा खाली बसून फोटो असतो, तेवढ्यापुरतं तरी मांडी घाल, असं ती वाढता वाढता कुजबुजली. वृंदाने पुरी घेतली आणि नकारार्थी मान हलवली.

मग मंडळाचे अध्यक्ष चंद्रकांतकाका पंगतीतूनच बोलले. सत्तरी उलटली तरी ते जमिनीवरच जेवत आणि टेबलावरच्या जेवणाला कँटीन म्हणत.

"काय गं, तुमचा खेळच मुळी उकिडवं बसण्याचा. आणि जेवायला खुर्ची?"

पंगत हसली. वृंदाचे कान तापले.

उकिडवं बसून, झटक्यात उठून पळूनच तिची जांघ गेली होती. फेब्रुवारीत दुखायचं थांबलं म्हणून ती दुखापतीनंतर तिसऱ्याच आठवड्यात मैदानात उतरली, आणि दुसऱ्या डावात अशी कळ आली की दोघींनी उचलून बाहेर आणलं. फिजिओ सोहिनीदी तेव्हा रागावलीही नाही. सहा आठवडे मांडी नाही आणि उकिडवं नाही, एवढंच म्हणाली. आता पुन्हा दुखत नव्हतं. घोटाळा तोच होता. खाली बसून सगळ्यांची तोंडं बंद करावीत, असं वृंदाला फार वाटलं.

"दुखत नाहीये, काका," ती म्हणाली. "पण अजून ग्यारह... अकरा दिवस बाकी आहेत."

"एका जेवणाने काय होतंय?"

"मागच्या वेळी एका मॅचने झालं."

यावर कुणी हसलं नाही. काकांनी श्रीखंडात बोट घातलं आणि विषय आंब्यांवर नेला.

पंगत उठली. काका उठले नाहीत. एक हात जमिनीवर टेकून ते शेजारच्यांना म्हणाले, व्हा पुढे, मी बसतो जरा. आणि हसले. वृंदाने ते हसू ओळखलं. फेब्रुवारीत मैदानावर ती स्वतः असंच हसत होती.

तिने आपली खुर्ची उचलली आणि त्यांच्या पुढ्यात नेऊन ठेवली. काकांनी आधी हॉलभर नजर फिरवली. मग दोन्ही हातांनी खुर्ची धरली, आधी एक पाय, थोडं थांबून दुसरा, असे उठले आणि त्याच खुर्चीत बसले.

"मला डॉक्टरांनी सांगून चार वर्षं झाली," ते तिला ऐकू जाईल एवढंच म्हणाले.

फोटोवाल्याने सगळ्यांना खाली बसायला सांगितलं. काका हलले नाहीत. वृंदा भिंतीकडे गेली, उरलेली रिकामी खुर्ची आणून त्यांच्या शेजारी लावली आणि ताठ बसली. फोटोत खाली बसलेल्यांमध्ये ते दोघंच हातभर उंच आले.