आराखड्यातली पायवाट

आमच्या गावाबाहेर होणाऱ्या नव्या विद्यापीठाचा पन्नास वर्षांचा आराखडा करायला सेलोर्मबाई राजधानीहून, अक्राहून आल्या. त्यांची पद्धत न्यारी. आधी गवत वाढू द्यायचं, माणसं चालून जिथे पायवाट पडेल तिथेच फरशी घालायची. विद्यापीठ अजून उघडलंही नव्हतं, तरी गवतात एक वाट पडली. पावलाएवढी अरुंद, थेट दक्षिणेला, समुद्राकडे.

"एकामागे एक चालतंय कोण? तुमच्या बकऱ्या?" बाईंनी विचारलं.

"बकऱ्या परत येतात, पोरी," आमचे अचानाआजोबा म्हणाले. "इथे उलटं पाऊल दिसतंय का एक तरी? आमच्याच गावची माणसं ही. साखळीत बांधून गुलाम म्हणून विकायला नेली, तेव्हापासून चालताहेत. फरशी घातलीस तर आणखी पन्नास वर्षं चालतील."

"मग मी काय करू, आजोबा?"

"पेन्सिल तुझ्या हातात आहे ना? वळव की घराकडे!"

बाईंनी नकाशावरची वाट गावाकडे वळवली.

दारी आलेल्याला आधी पाणी द्यायचं, मग नाव विचारायचं, ही आमची रीत. खोटं वाटत असेल तर गावात विचारा: दुसऱ्या दिवशी पाणी देता देता दुपारपर्यंत आमचे सगळे रांजण कोरडे पडले.