अंगठ्याएवढी खाच

जाळ्यात आलेलं कमरेचं हाड डॉक्टरांनी टेबलावर ठेवलं आणि साखरबाईनं हिरव्या बांगड्या पदराखाली झाकल्या. होडीवरून दर्यात पडलेला तिचा नवरा अजून सापडला नव्हता. सोबतीला शेजारचे दादूकाका आले होते. "मागच्या खाचेत अंगठा घट्ट बसला तर हाड पुरुषाचं, मोकळा फिरला तर बाईचं," डॉक्टर म्हणाले. त्यांनी अंगठा खाचेत घातला. साखरबाईचा जीव त्या अंगठ्यात अडकला. अंगठा मोकळा फिरला. "बाईचं हाड आहे." "काका, हे आमचे नायत!" साखरबाई रडतच मागे वळली. दादूकाका टेबलावरच्या हाडाकडे टक लावून बघत होते. बोईसरला कंपनीत कामाला जाणारी त्यांची लेक गेल्या वर्षी परतली नाही, तेव्हा "पळाली, आमाला मेली" म्हणत त्यांनी तिला शोधलंसुद्धा नव्हतं. त्यांनी विचारलं, "डॉक्टर, यावरनं वय पन कलतं का?"