भाजल्याचा डाग

सुट्टीत तुर्कस्तानात, बुर्साला आले की मी आमच्या जुन्या हमामात जातेच. तापलेल्या संगमरवरावर पालथी पडले होते, डोळ्यांत साबण गेला होता. अंग घासणाऱ्या सेहेरताईचा हात पाठीवरून फिरत होता.

लहानपणीच्या भाजल्याच्या डागापाशी तो थांबला. डाग न घासता तिने त्यावर हलकेच फुंकर घातली. आई होती तोवर अशीच घालायची. मला भरून आलं.

"सेहेरताई, तुला कसं गं कळलं?"

"काय कळलं?" सेहेरताईचा आवाज दारातून आला. "चहा पीत बसले नि उशीर झाला बघ. अगंबाई, पाठ लालबुंद झालीय. कोणी घासली?"

तेवढ्यात माझ्या खांद्यावर दोन ओल्या चापट्या बसल्या. हमामात त्याचा अर्थ एकच, आता उताणी हो.

सेहेरताई अजून दारातच उभी होती.