विरजण

चौथा खड्डा खणून होईस्तोवर कवडूच्या कमरेचा काटा ढिला झाला. कुरुद गावातल्या त्याच्या प्लॉटवर माती नावालाच. वीतभर खाली सगळा मुरूम. रिटायर झाल्यावर बांधलेल्या घरापुढे सावली हवी म्हणून लावलेले तीन कडुनिंब वाळून काटक्या झाले होते. परवा थकून त्याने पुण्यातल्या मुलाला फोनवर सांगून टाकलं होतं, "आता चौथंही नाही जगलं, तर घर विकून तुह्याकडे येतो आमी."

पिशवी छातीशी धरून त्याची बायको ललिता फाटकातून आत आली. चरोद्याला त्यांच्या जुन्या रेल्वे क्वार्टरपुढच्या कडुनिंबाखालची माती आणायला गेली होती. तिच्या गुडघ्यांनी तिचं ऐकणं कधीच सोडलं होतं, तरी गेली होती.

कवडूने माती उकरून पाहिली. बारीक मुळ्या आणि त्यांना बिलगलेले पांढरे धागे.

"बुरशी हाये हे," म्हणत तो औषधाची बाटली घ्यायला उठला. बत्तीस वर्षं यार्डात वॅगन तपासल्या त्याने. गंज दिसला की खरवडायचा, एवढंच हाताला ठाऊक. आधीच्या तिन्ही रोपांची मुळं त्याने अशीच धुऊन, औषधात बुडवून, लख्ख करून लावली होती.

"ठेवा ते खाली," ललिता म्हणाली. "नर्सरीवाल्या मोनाले विचारून आली मी. मूळ पोचत नाही तिथलं पाणी अन् खत हे धागे आणून देते म्हणे झाडाले. अशा कोरड्या मुरमात यांच्याबिगर झाडाचं चालत नाही. अन् तुमी दर खेपेले तेच धुऊन राहिले."

तिन्ही झाडं आपणच मारली, हे कवडूला कळलं आणि फार वाईट वाटलं.

"मले वाटलं, साफ असलं का चांगलं."

"दुधाले विरजण लावताना, विरजण धुऊन घेता काय?"

त्याने बाटली खाली ठेवली. नवं रोप मुळं न झटकता खड्ड्यात ठेवलं आणि मुळांभोवती ती माती ओंजळीने सोडली. ललिताने वरून पाणी घातलं. मग दोघंही तिथेच बसून राहिले. उठायचं त्राण कुणातच नव्हतं.

फोन वाजला. रोशन, त्यांचा मुलगा. घराला गिऱ्हाईक मिळालंय, रविवारी पाहायला पाठवू का, विचारत होता. कवडूने फोन ललिताकडे दिला.

"नको धाडू, बाबू," ती म्हणाली. "आताच विरजण लावलं. आता भांडं हलवत नसतात."