सिंगापूरदर्शन

"आई, या वेळी सिंगापूर नीट बघून जा," म्हणत तन्मयने आईला पुण्याहून बोलावून घेतलं. ती पासिर रिसच्या फ्लॅटवर पोचली आणि दुसऱ्याच दिवशी तो आणि चैत्राली इटलीला, आल्प्सच्या खोऱ्यात ट्रेकिंगला निघाले. "तुम्ही आहात म्हणून निर्धास्त जातोय हो, आई," सून म्हणाली.

नातीची शाळा, डबा आणि मधेच आलेला ताप सांभाळताना आईला खालच्या बस स्टॉपपलीकडचं सिंगापूर काही दिसलं नाही. मोबाइलवर डोंगरवाटांचे फोटो मात्र रोज येत होते. मुलगा-सून परतले, तेव्हा आईचं परतीचं विमान उद्यावर आलं होतं.

पुण्यात शेजारच्या जोगळेकरकाकूंनी विचारलं, "काय हो वहिनी, कसं आहे सिंगापूर?"



"सुंदर! चहूकडे बर्फाचे डोंगर, आणि गाईंच्या गळ्यात केवढाल्या घंटा!"