राणीची रुसायची खोली

बाबा गेल्यानंतर आम्ही आईला पहिल्यांदाच बाहेर काढलं होतं, किल्ला बघायला. आजवर अशा ठिकाणी बाबाच मनाला येईल तो इतिहास सांगत. या वेळी दादाने गाइड घेतला. आई मागून रेंगाळत येत होती.

"ही दारूगोळ्याची कोठी," गाइड म्हणाला.

"काहीतरीच काय सांगता!" आई एकदम उसळली. "राणी इथे रुसून बसायची. राजा बिचारा दाराबाहेर ताटकळायचा."

"मावशी, पुस्तकात असं कुठेच नाही हो."

"मग पुस्तकवाल्यांना कळवा की!"

दादा हसू दाबत भिंतीकडे वळला. मीही डोळे पुसून घेतले.



बाबा होते तोवर आईने त्यांची एकही थाप खपवून घेतली नव्हती.