डॉक्टर कोळशाचं शेवटी काय झालं

अनुपनं प्लास्टिकच्या पाकिटातलं एक जुनं पान भेंडीच्या ढिगावर ठेवलं.

"पाहा काका. अकोल्यात रद्दीवाल्याजवळ भेटलं. अंक अडतीस."

सहदेवनं हात शर्टाला पुसले, चष्मा चढवला. शेजारी वांगी रचत बसलेल्या त्याच्या बायकोनं, मैनाबाईनं, मान वाकडी करून पानाकडं पाहिलं आणि लगेच पदर तोंडावर धरला.

परतवाड्याच्या भाजीबाजारात दुपारी गिऱ्हाईक नसतं. अनुपला तेच पाहिजे होतं. बिजलीपंखाच्या कॉमिक्सचे सदतीस अंक निघाले हे सगळ्यांना ठाऊक. सदतिसाव्यात डॉक्टर कोळशानं बिजलीपंखाला उकळत्या डांबरावर उलटं टांगलं, खाली 'पुढच्या अंकात पाहा' असं छापलं आणि कंपनीच बंद पडली. अडतिसावा निघालाच नाही म्हणतात. अनुपला ते पटत नाही, कारण त्यानं तो वाचलाय. नऊ वर्षांचा असताना, याच बाजाराच्या तोंडाशी, सहदेवकाकाच्या भाड्याच्या कॉमिक्सच्या टपरीत, फळीवर बसून.

"रविवारी आमची जुन्या कॉमिक्सवाल्यांची बैठक हाये," अनुप म्हणाला. "सहा वर्षं झाले, मी यादी करून राहिलो. कोणता अंक कधी निघाला, कोणी काढला, पानं किती. सदतीसची यादी समद्यांजवळ हाये. अडतीस म्हटलं का हासतात मले. तुमी एवढंच सांगा, हा अंक तुमच्या दुकानात होता."

"होता," सहदेव म्हणाला.

मैनाबाई पदराआड फिसकली.

अनुपनं घाईनं वही उघडली. "पण एक घोळ हाये. चांदूर रेल्वेचा मनोज म्हणते, कोळसा शेवटी डांबरात पडून मेला. पातूरची गीतांजली म्हणते, मेला नाई, त्याले वेड लागलं. दोघंही सुट्टीत मामाकडे आले तवा इथंच वाचलं म्हणतात. मले तर तिसरंच याद हाये. म्हणून मी लिवलं, तीन आवृत्त्या निघाल्या. आन् हे पान चिटकवून केलेलं हाये, म्हंजे छापखान्यातला मूळ नमुना. स्फोटातले हे लाल फुलं पाहा, पाच पाकळ्यांचे. सदतीसच्या सदतीस अंकात असा ठसा कुठंच नाई. खास ब्लॉक बनवला असन त्यायनं."

सहदेवनं ढिगातली एक जून भेंडी घेतली, देठाजवळ आडवी कापली. मग एक बीट कापलं, भेंडीचं तोंड त्यावर घासलं आणि अनुपच्या वहीत, 'खास ब्लॉक' लिहिलं होतं बरोबर त्याच्यावर, दाबलं.

पाच पाकळ्यांचं लाल फूल उठलं.

"तवा बीट नव्हतं," सहदेव म्हणाला. "हिचा पायाले लावाचा लाल आलता होता."

"दिवाळीचा होता," मैनाबाई म्हणाली. "अख्खी बाटली. दोन दिस बोलली नाई मी यायच्यासंग."

अनुपनं एकदा वहीतलं फूल पाहिलं, एकदा पानावरचं.

"म्हंजे तुमी..."

"सात-आठ जुने अंक कापले. बिजलीपंख तिसऱ्यातला, डांबर सदतिसातलं. एका पोस्टमनले मिशा काढल्या, त्याचा हवालदार केला. अरे, तुमी पोट्टे रोज सायकली टेकवून विचारा, काका, अडतीस आला काय? मी किती दिस नाई म्हणू? तुमी सातवीत गेले असते आन् तो बिचारा टांगलेलाच राहिला असता."

"आन् ते तीन शेवट?"

"तीन कायचे? शेवटचं पान म्या केलंच नाई. बोटं दुखले. कोणीतरी फाडलं म्हणून सांगो, आन् ज्याले त्याले तोंडानं शेवट सांगो. मनोज मारकुटा होता, त्याले कोळसा मेलेलाच पायजे."

अनुपनं वही मिटली. सहा वर्षं. समोरून एक बाई आली, भाव विचारला, घासाघीस केली आणि काही न घेता गेली.

"मले कोणता सांगितला होता?" त्यानं विचारलं.

"तुले?" सहदेवनं भेंडीवर पाणी शिंपडलं. "कोळशानं सोताच दोर सोडला. बिजलीपंखाले खाली उतरवलं. तू मेला तं मी भांडू कोणासंग, म्हणे. मले एकट्याले करमत नाई."

अनुपनं मान हलवली. अगदी हाच.

"तू तवा नवाच आला होता परतवाड्यात," सहदेव म्हणाला. "कोणी खेळाले घेये नाई तुले. दिवसभर फळीवर बसून राहे."

अनुपनं पाकीट उचलून त्याच्यावरचं पाणी पुसलं. वही परत उघडली. 'तीन आवृत्त्या' वर काट मारली, 'मूळ नमुना' तसंच ठेवलं, आणि सावकाश, एकेक शब्द वाचून दाखवत लिहिलं.

"अंक अडतीस. प्रकाशक, सहदेवकाका, परतवाडा. प्रत एक. आवृत्त्या, पोट्टे होते तितक्या."

सहदेवनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

मैनाबाईनं हातातलं वांगं खाली ठेवलं.

"आन् आलता कोणाचा," ती म्हणाली, "ते बी लिव."